आलेला पैसा, राहिलेला पैसा

ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादनं एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या. उद्योजक, बांधकाम व्यावसायिक, डॉक्टर अशा मंडळींनी गट बांधला, कंपनीशी एकत्र बोलणी केली आणि 65 कोटींचा सौदा पार पाडला. त्यातल्या मोठ्या रकमेचं कर्ज स्टेट बँकेनं 7 टक्के व्याजानं दिलं. देशभर बातमी झाली. त्याच वर्षाअखेरीस पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लेख लिहून विचारलं, की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी जास्त व्याज पडतं, मग मोटारीला 7 टक्के कसं? प्रश्न रास्तच होता. पण त्या सौद्यातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. ज्यांच्याकडे पैसा होता ते एकत्र आले आणि त्यांनी बँकेकडून आपल्याला हवा तो दर काढून घेतला. पुढच्या पंधरा वर्षांत या शहराच्या हाती बराच पैसा आला, पण तो ज्यांच्या हाती आला त्यातले बहुतेक एकेकटे होते.

या पंधरा वर्षांकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट ठळक दिसते. इथं महिन्याच्या पगारातून ज्यांनी साठवलं त्यांचं बरंचसं टिकलं. ज्यांच्या हाती आयुष्यात एकदाच, एकरकमी पैसा पडला, त्यांच्यातल्या अनेकांचा तो गेला. उधळपट्टी हे त्याचं एक कारण, आणि माझ्या मते सगळ्यांत लहान कारण.

आधी पगारदारांचं पाहू. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत जुनी, पण शहराची कमाई खऱ्या अर्थानं बदलली ती 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर. बीड, जालना, परभणीकडून आलेली पोरं कामगार झाली, वाळूजलगतच्या बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर भागात भाड्याच्या खोल्यांत राहिली. त्यांचा क्रम साधारण सारखाच होता. आधी गावाकडं पैसे, मग बहिणीचं लग्न, मग प्लॉट. सिडकोचं घर ज्यांना जमलं त्यांनी ते घेतलं. बाकीच्यांनी गुंठेवारीत वीस बाय तीसचा तुकडा बाँडपेपरवर घेतला, आधी पत्र्याची खोली टाकली आणि बोनस येईल तसा स्लॅब चढवला. सातबारा नावावर नाही, नकाशा मंजूर नाही, तरी माणसं तिथं घर बांधत राहिली, कारण नियमातलं घर त्यांच्या पगारात बसतच नव्हतं. 31 डिसेंबर 2020 पर्यंतची अशी बांधकामं नियमित करण्याची वाट 2021 मध्ये खुली झाली, तेव्हा अनेकांनी पुन्हा पैसे जमवून शुल्क भरलं. ज्यांनी भरलं नाही किंवा ज्यांची घरं-दुकानं रस्त्याच्या आखणीत होती, त्यांच्यावर 2025 च्या जूनमध्ये मुकुंदवाडीपासून महापालिकेची यंत्रं चालली. वीस-वीस वर्षांची बचत एका सकाळी पडली. रस्ता रुंद व्हायला हवा होता, हे मलाही मान्य आहे. पण ज्या माणसाची सगळी शिल्लक त्या भिंतींत होती, त्याला द्यायच्या मुदतीचा विचार यापेक्षा जास्त व्हायला हवा होता.

घराच्या जोडीला सोनं. पगारदारांच्या बायकांनी सराफ्यात जाऊन वर्षाकाठी ग्रॅम-दोन ग्रॅम घेतलं, कधी भिशी लागली की मणी-मंगळसूत्रात भर घातली. शहाणी माणसं तेव्हा त्यांना सांगत होती, की सोन्यात पैसा अडकवू नका, घडणावळ जाते, व्याज मिळत नाही. 2010 मध्ये तोळ्याचा भाव अठरा-एकोणीस हजारांच्या आसपास होता. 2025 मध्ये त्यानं लाखाचा टप्पा ओलांडला. याच काळात 8 टक्क्यांनी ठेवलेले पैसे चक्रवाढीनंही जेमतेम सव्वातीन पट झाले असते. त्या बायकांचा हिशेब भावाच्या अंदाजावर चालत नव्हता. घरातल्या पुरुषाला सहज मोडता येणार नाही आणि अडीनडीला सराफाकडे ठेवून तासाभरात पैसे मिळतील, अशी एकच वस्तू त्यांना ठाऊक होती.

पाण्याचा खर्चही इथं नोंदवायला हवा. पैठणचा नाथसागर जलाशय शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, आणि या वर्षांत नळाला पाणी यायचं ते पाच-सहा दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. त्यामुळे इथल्या प्रत्येक घराच्या अंदाजपत्रकात हौद, गच्चीवरच्या टाक्या, मोटार, बोअर, जार आणि टँकर येतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा खर्च दिसत नाही. लोकांनी संताप व्यक्त केल्यावर 2022 मध्ये 4,050 रुपयांची वार्षिक पाणीपट्टी निम्मी करून 2,025 केली गेली. पण उन्हाळ्यातल्या काही टँकरांतच तेवढे पैसे जातात. नवी पाणीपुरवठा योजना 1,680 कोटींची म्हणून 2020 मध्ये सुरू झाली, तिचा खर्च पुढे कितीतरी वाढला. तिच्या पाण्याची वाट पाहत शिल्लक टाकायचा पैसा लोक टाकीत ओतत राहिले.

आता एकरकमी पैशाकडे येतो. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी शेंद्रा, करमाड, बिडकीन परिसरातली सुमारे दहा हजार एकर जमीन घेतली गेली. करमाड भागात मोठ्या वाटाघाटींनंतर एकरी 23 लाखांचा दर ठरला. त्यापाठोपाठ 2017-18 मध्ये समृद्धी महामार्गासाठी जमीनखरेदी झाली, तिथं रेडी रेकनरच्या कितीतरी पट मावेजा मिळाला. ज्या घरात वर्षाकाठी कापसाचे लाख-दीड लाख यायचे आणि त्यातलेही दुकानदाराच्या उधारीत जायचे, तिथं एका दिवशी खात्यात कोटभर रुपये जमा झाले.

या शेतकऱ्यांची पुष्कळ टवाळी झाली. स्कॉर्पिओ घेतली, लग्नात पैसा उडवला, असं सांगणारी माणसं आजही भेटतात. मी या गावांतून फिरताना पाहिलं ते वेगळं आहे. बहुतेकांचा पहिला खर्च कर्जफेडीचा होता. दुसरा पक्क्या घराचा. तिसरा मुलीच्या लग्नाचा, आणि गावात पाच-पन्नास जणांना एकदम मावेजा मिळाला की लग्नाचा आकडाही आपोआप वर जातो. एकट्यानं तो कमी ठेवायचा म्हटलं तर पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. ज्यांनी लगेच पैठण किंवा जालन्याच्या बाजूला दुसरी जमीन घेतली ते सावरले. पण जमीन शोधायला वेळ लागतो, भाव तोवर वाढलेले असतात, भावाभावांत वाटण्या व्हायच्या असतात. मधल्या काळात हा पैसा खात्यात पडून होता आणि तो पडून आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्याच काळात '30-30' नावानं ओळखली गेलेली योजना आली. बिडकीन, पैठण, कन्नड भागातल्या शेतकऱ्यांना बँकेच्या कितीतरी पट परताव्याची आशा दाखवली गेली. सुरुवातीला काहींना पैसे मिळालेही, त्यामुळे त्यांच्याकडे बघून बाकीच्यांनीही पैसे घातले. 2022 च्या सुरुवातीला बिडकीन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, पुढं सक्तवसुली संचालनालयही तपासात उतरलं. ज्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या शेकडा दोन-तीन रुपये महिन्याच्या व्याजानं सावकाराचं कर्ज फेडावं लागलं, त्याला पैसा महिन्याला एवढं व्याज कमावतो, यात अशक्य काहीच वाटलं नाही. त्यानं तो दर आयुष्यभर भरलेला होता. लोभ हा शब्द इथं मला पुरेसा वाटत नाही. मावेजाचा धनादेश देणाऱ्या सरकारनं त्या पैशाचं पुढं काय करायचं, हे सांगायला गावात एकही माणूस बसवला नाही, हे जास्त मोठं कारण आहे.

शहरातल्या निवृत्त माणसाचं दु:ख याच्या शेजारचंच. तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम मिळते. त्याचं ईपीएस-95 चं निवृत्तिवेतन मात्र हजारापासून दोन-तीन हजारांपर्यंत. 2014 मध्ये बँकेत वर्षाच्या ठेवीला 9 टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, 2020 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं. दहा लाखांच्या ठेवीवरचं व्याज महिन्याला साडेसात हजारांवरून चार-सव्वाचार हजारांवर घसरलं. औषधांचा खर्च तर घसरला नव्हता. त्याच वेळी कॉलनीच्या कोपऱ्यावरची पतसंस्था 11-12 टक्के देत होती, तिचा कर्मचारी घरी येऊन पिग्मी गोळा करायचा, दिवाळीला मिठाई यायची. पैसे तिकडं वळले.

जुलै 2023 मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतला सुमारे 200 कोटींचा घोटाळा उघड झाला. ठेवीदारांचे मोर्चे निघाले. त्यांत काठी टेकत चालणारी माणसं होती. 2024 मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटविरुद्ध गुन्हे नोंदले गेले, तिच्या शाखा मराठवाडाभर होत्या. 12 ते 14 टक्क्यांचं आमिष दाखवल्याचं सक्तवसुली संचालनालयानं म्हटलं. मुलीचं लग्न ठरलंय आणि ठेव निघत नाही, शस्त्रक्रियेची तारीख आलीय आणि ठेव निघत नाही, हे ऐकवत नव्हतं, पण ऐकावं लागलं.

इथं एक फरक आहे, जो ठेव ठेवताना बहुतेकांना कुणी सांगितलेलाच नव्हता. मलकापूर अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2021 मध्ये निर्बंध घातले आणि जुलै 2023 मध्ये तिचा परवाना रद्द केला. आपल्याच शहरातल्या अजिंठा अर्बन बँकेवर ऑगस्ट 2023 मध्ये निर्बंध आले, एप्रिल 2025 मध्ये परवाना गेला. ठेवीदारांना मनस्ताप तिथंही झाला. पण त्या बँका होत्या, त्यामुळे ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला होतं. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखाची पाच लाख झाली आहे. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट पतसंस्थेला हे कवच नाही. पाटी सारखीच, काउंटर सारखा, पासबुक सारखं, आणि आतला फरक आयुष्यभराच्या कमाईएवढा. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत आणि त्यांनी गरजूंना वेळेला कर्ज दिलं आहे. तरीही विमा नसलेल्या ठिकाणी निवृत्तीची सगळी रक्कम ठेवू नये, हे माझं ठाम मत या पंधरा वर्षांत झालं.

मग एकत्र येऊन कुणी साठवलं? ते काम खेड्यांतल्या आणि वस्त्यांतल्या बायकांनी केलं. 7 सप्टेंबर 2019 रोजी शेंद्र्याला पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिक सिटी या औद्योगिक नगरीच्या इमारतीचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी तिथं राज्यभरातल्या बचत गटांच्या महिलांचा मेळावा भरला. ज्या परिसरातल्या जमिनींचा मावेजा वाटला गेला, तिथंच आठवड्याला दहा-वीस रुपये टाकणाऱ्या हजारो बायका बसल्या होत्या. गटाची रीत साधी. दहा-बारा जणी, ठरल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, त्यातूनच एकमेकींना कर्ज, वेळेवर फेड आणि सगळ्यांसमोर वही. कर्ज मागणारीला सगळ्यांसमोर सांगावं लागतं पैसा कशाला हवा, आणि बाकीच्या ठरवतात आधी कुणाची नड. शाळेची फी, आजारपण, शेळी, शिलाई मशीन. खर्चाचा अग्रक्रम उघड्यावर बसून ठरवणारी दुसरी जागा मला या जिल्ह्यात माहीत नाही. पुढं सरकारच्या व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला या गटांनाही 7 टक्के दर मिळू लागला. मर्सिडीजवाल्यांना 2010 मध्ये मिळाला होता तोच. त्यासाठी यांना फेडीचा चोख इतिहास दाखवावा लागला. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजारही यांच्यातल्या अनेकींच्या खात्यात येऊ लागले आणि ते पुरुषाच्या हाती न जाता आधी गटाच्या हप्त्याला लागतात, असं मी पुष्कळ ठिकाणी ऐकलं.

बिडकीनला आता नवे कारखाने येत आहेत, टोयोटानं 2024 मध्ये तिथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. पुन्हा जमिनींचे व्यवहार होतील, पुन्हा कुणाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम येईल. वाळूजची पहिली पिढी तर एव्हाना निवृत्त होते आहे. त्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पैसा आला की पहिले सहा महिने कुणालाही काही कबूल करू नका. रक्कम दोन-तीन बँकांत वाटून ठेवा, म्हणजे विम्याच्या मर्यादेत जास्तीत जास्त पैसा राहील. घरातल्या बाईला प्रत्येक कागद दाखवा. पावती हातात घेण्याआधी विचारा, ही संस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची आहे का आणि ठेवीला विमा आहे का. उत्तर लेखी मागा. दहा लाखांवर 12 टक्के आणि 8.2 टक्के यांतला फरक महिन्याला तीन हजारांच्या आसपास पडतो, आणि तेवढ्यासाठी लोकांनी दहाच्या दहा लाख घालवले. टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल 2023 पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, तेव्हा ठरलेला 8.2 टक्के दर 2025 मध्येही कायम होता, आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. तिला सरकारची हमी आहे. अर्ज टपाल कार्यालयात मिळतो.