जुन्या नाण्याची प्रतवारी : केव्हा करावी, केव्हा टाळावी?

रायगडाच्या सान्निध्यातील महाड-पोलादपूर परिसरात पिढीजात व्यापारी घरांच्या तिजोरीत वा देव्हाऱ्यात शिवराई आढळते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. वाटणीच्या वेळी प्रश्न उभा राहतो : हिचे मोल किती? तज्ज्ञांकडून प्रतवारी करून घ्यावी काय?

प्रतवारीत नाण्याची सत्यता तपासून 1 ते 70 या श्रेणीत गुण दिले जातात व नाणे पारदर्शक वेष्टनात बंद होते. शिवराया पुढेही दीर्घकाळ पाडल्या गेल्याने विपुल आहेत. झिजलेल्या शिवराईवर हे शुल्क खर्चणे म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जड! सोन्याचा शिवकालीन होन मात्र अतिदुर्मीळ. त्याच्या प्रतिकृती पुष्कळ, म्हणून तेथे परीक्षण अनिवार्य. 1939 चा चांदीचा रुपयाही तसाच. 1938 च्या रुपयावरील शेवटचा अंक कोरून तो बनवला जातो, 11.66 ग्रॅम वजन जुळले तरी निर्धास्त होऊ नये.

जुलै 2021 च्या महापुरानंतर महाडमध्ये चिखलाने माखलेल्या वस्तू धुणे भागच होते; परंतु नाणे चिंचेने वा पावडरीने घासू नये. मूळ पृष्ठभाग गेला की प्रत घसरते, ती पुन्हा येत नाही.

शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्याने तसा निर्बंध आहे. म्हणून प्रथम येथील जाणकारास दाखवावे, मगच वाटणी करावी.