दर्या की दऱ्या?

माझा एक कवी मित्र कामठीला शाळेत मराठी शिकवायचा. २०११ साली तो गेला. दोन संग्रह छापून झाले होते, तिसऱ्याची तयारी चालली होती. हा तिसरा संग्रह त्याने २००४ पासून स्वतः कॉम्प्युटरवर टाइप केला. कॉम्प्युटर आल्यावर वही लिहिण्याची सवयच त्याने सोडून दिली. आम्ही तेव्हा त्याचे कौतुक केले होते!

मागच्या हिवाळ्यात त्याची मुलगी माझ्याकडे आली. पिशवीत दोन सीडी आणि एक पेन ड्राइव्ह. जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. "काका, बाबांच्या कविता यातच आहेत, पण उघडत नाहीत. पेन ड्राइव्ह तर खराब आहे, फेकून द्या म्हणाला दुकानदार."

तो पेन ड्राइव्ह नव्हताच. ते लॉक होते. जुन्या काळी मराठी टायपिंगची महागडी सॉफ्टवेअर घेतली की सोबत असे एक लॉक मिळायचे. डीटीपीवाले त्याला डोंगल म्हणत. ते मशीनला खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू होत नसे. फेकले असते तर गोष्ट तिथेच संपली होती.

एका सीडीत ते सॉफ्टवेअर होते, दुसरीत कवितांच्या फायली. माझ्या मुलीने मला घेऊन दिलेल्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. कवितेची फाईल साध्या वर्डमध्ये उघडली तर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोन यांची खिचडी. कारण सांगतो. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाचा 'क' दुसऱ्याकडे 'ढ' व्हायचा. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा वाडा दिला तो १९९१ मध्येच. विंडोज २००० आणि एक्सपी यांच्यासोबत 'मंगल' नावाचा युनिकोड फाँटही आला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. सुलेखनकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण ते मराठी कवीही होते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. मात्र एक्सपीमध्ये देवनागरी आधी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागे, आणि छापखाने जुन्या फाँटलाच सरावलेले. माझा मित्रही त्यांच्यासारखाच.

तेव्हा मूळ सॉफ्टवेअरच चालवायचे ठरवले. ते नव्या विंडोजवर बसेना. त्याचा इन्स्टॉल करणारा भाग सोळा बिटी होता, आणि आजच्या चौसष्ट बिटी विंडोजने त्या जातीचे कार्यक्रम चालवणे सोडून दिले आहे. लॉकचा ड्रायव्हरही बत्तीस बिटीच. म्हणजे आता एक्सपी हवी. मुलगी म्हणाली, "अब्बू, नव्या लॅपटॉपवर पंचवीस वर्षांपूर्वीची विंडोज? तुम्ही नव्या कारला बैल जुंपताय." पण माझ्या कपाटात एक्सपीची विकत घेतलेली सीडी किल्लीसकट होती. मी सगळे घेऊन सीताबर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो.

तिथे मला जे कळले ते असे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. डिस्क, कीबोर्ड, पडदा, आवाज या सगळ्या नोकरांना तो ओळखीच्या चिठ्ठीवर कामाला लावतो. ती चिठ्ठी म्हणजे ड्रायव्हर. एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला. त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना ती ओळखत नाही. आजच्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई डिस्क तिला दिसत नाही. यूएसबी ३ तिला ठाऊक नाही, म्हणून त्यात खोचलेले माउस-कीबोर्ड मुके. वायफायचेही तेच.

त्याच्या आधीच एक फाटक आहे. बटण दाबल्यावर मशीनला जागे करणारा कार्यक्रम पूर्वी बायोस होता, आता यूईएफआय आहे. एक्सपीला जुनाच हवा. नव्या यंत्रात जुन्याचे सोंग घेण्याची सोय असे, तिला लेगसी म्हणत. पण २०२० पर्यंत ती काढून टाकू असे इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केले होते. माझ्या लॅपटॉपमध्ये पोराने खूप शोधली. "नाही आहे न सर याच्यात." मग त्याने दुकानातला एक जुना लॅपटॉप काढला. त्यात लेगसी सापडली, एक्सपीची तयारी सुरू झाली, आणि मध्येच निळा पडदा. खाली आकड्यांची रांग, शेवटी सात आणि बी. म्हणजे जिथून सुरुवात करायची ती डिस्कच मला सापडत नाही, अशी एक्सपीची तक्रार. पूर्वी अशा वेळी एफ ६ बटण दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यायचा रिवाज होता. फ्लॉपी! पोराने ती आयुष्यात पाहिली नव्हती.

त्यानेच शेवटी उपाय सांगितला. लॅपटॉपवर एक्सपी बसवायचीच नाही. लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, त्यात बसवायची. व्हर्च्युअलबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर घरी वापरायला फुकट मिळते. ते एक्सपीला सांगते की ही घे जुनी आयडीई डिस्क, हा घे बायोस. ती बिचारी विश्वास ठेवते. बाहेर नवी विंडोज तशीच राहते, काही पुसले जात नाही. एक्सपीला ५१२ एमबी मेमरी आणि दहा जीबी जागा पुरली. लॉक मात्र आतल्या मशीनकडे वळते करावे लागले, त्यासाठी यूएसबीच्या यादीत एक खूण करायची असते. आणि आतल्या मशीनचे इंटरनेट मी बंदच ठेवले. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा अपवाद म्हणून तिच्यासाठी एक दुरुस्ती काढावी लागली होती. असल्या म्हाताऱ्या विंडोजला घरात बसवावे, बाजारात पाठवू नये.

ती हिरवी टेकडी आणि निळे आभाळ पडद्यावर आले. सॉफ्टवेअर उघडले, आणि मित्राची कविता स्वच्छ मराठीत समोर उभी राहिली. त्याची मुलगी शेजारी बसली होती. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

काम इथे संपले असे मला वाटले होते. मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी आम्ही तो एका परिवर्तकातून काढला आणि नव्याच भानगडी झाल्या. मित्राने उर्दू शब्दांखाली मुद्दाम नुक्ते दिले होते, ते सगळे गळून पडले. आमच्या घरात उर्दू बोलतात म्हणून मला 'जलील' आणि 'ज़लील' यांतले अंतर ठाऊक. एक थोर, दुसरा अपमानित. दुसरी भानगड खास मराठी. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. एकात डोक्यावर रफार, दुसऱ्यात पोटाशी आडवा र. जुन्या फाँटमध्ये हे दोन वेगळे तुकडे, युनिकोडमध्येही वेगळे लिहिता येतात. परिवर्तकाने सरसकट रफार दिला. सातपुड्यावरच्या एका कवितेत समुद्र घुसला.

तेव्हापासून दर रविवारी ती कामठीहून येते. लॅपटॉपच्या एका बाजूला एक्सपीतली मूळ कविता, दुसऱ्या बाजूला नवी. ती मोठ्याने वाचते, मी ताडून पाहतो. परवा एका ओळीवर ती अडली. "काका, इथे डोंगर नाहीत, गाव नाही, तरी बाबांनी दऱ्या लिहिलंय. चुकून झालं असेल का?" आम्ही एक्सपीच्या खिडकीत अक्षर मोठे करून पाहिले. आडवा र स्पष्ट होता. तसाच ठेवला. अजून एकोणीस कविता तपासायच्या आहेत.