तासावर मोजलेले अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला कोणी ‘तुमची किंमत काय?’ असे विचारले तर त्याने चिडू नये. किंमत हाच त्याचा विषय. आपल्याकडे मात्र तो प्रश्न वर्गात पोचण्याआधीच कार्यालयाने सोडवून टाकला आहे: एका तासाला अमुक रुपये. तासिका तत्त्व, म्हणजे बोलीभाषेतली ‘सीएचबी’, ही पदवीच्या अध्यापनाची तात्पुरती सोय होती. आता तीच व्यवस्था झाली आहे. या अंकाच्या वाचकांना तिची रड नवी नाही: उशिरा येणाऱ्या नेमणुका, त्याहून उशिरा येणारे मानधन, सत्र संपले की संपणारी ओळख. ती सगळी मी गृहीत धरतो. माझे म्हणणे निराळे आहे आणि ते अर्धवेळ अध्यापनाच्या कैवाऱ्यांना आणि विरोधकांना, दोघांनाही फारसे रुचत नाही. अर्धवेळ शिकवणे हा रोग नव्हे. महाराष्ट्रातले अर्थशास्त्र पुष्कळसे अर्धवेळ, हंगामी आणि दुसऱ्याच पेशातल्या माणसांनी उभे केले. रोग आहे तो फक्त घड्याळी तासाचे पैसे मोजण्यात, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव बसतो तो मराठीतून शिकवल्या जाणाऱ्या अर्थशास्त्रावर.

मराठीत हा विषय आला तोच मुळी प्राध्यापकांविना. मुंबई विद्यापीठ १८५७चे. त्याच्या आधी, १८४३ साली, रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या स्थितीवर आर्थिक अंगाने पुस्तक लिहिले होते. १८४९ साली लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ आले. लोकहितवादी न्यायखात्यातले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले तेव्हा तेही न्यायासनावर होते. इंग्रजी ग्रंथांतले नियम सर्व देशांना, सर्व काळांना सारखे लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुरला. सोलापूरच्या शाळेतले गणेश व्यंकटेश जोशी सरकारी आकडेवारी पिंजून सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेख लिहीत. १८९७ साली गोखले वेल्बी आयोगापुढे उभे राहिले, त्यामागे या शाळामास्तराची तयारी होती. फर्ग्युसनचे वामन गोविंद काळे वर्गात अर्थशास्त्र शिकवत आणि १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्र उभी करणाऱ्यांतही होते. गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. संशोधक, शिक्षक आणि व्यवहारी माणूस यांच्यात भिंत नव्हती.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे. ही माणसे तासावर नव्हती. कोणी पगारी नोकर, कोणी न्यायाधीश, अर्थशास्त्र त्यांचे पोट भरत नव्हते. बरोबर. माझा मुद्दाही हाच आहे: त्यांच्या तयारीचा खर्च दुसरीकडून निघत होता. हंगामी नेमणुकीचे उदाहरणच हवे असेल तर डॉ. आंबेडकरांचे घ्यावे. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात हंगामी प्राध्यापक होते, पगार महिना साडेचारशे रुपये. ती नेमणूक तात्पुरती होती, पण महिन्याची होती, तासाची नव्हती. त्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज जोडून, ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज तासिकेच्या मानधनातून शिल्लक टाकून परगावच्या चर्चासत्रालाही जाता येत नाही. अस्थिरता तेव्हाही होती. फरक आहे तो कशाचे पैसे मोजले जातात यात.

स्वातंत्र्यानंतरची तीन दशके मी भराभर ओलांडतो. पुणे १९४९, मराठवाडा १९५८, शिवाजी विद्यापीठ १९६२, गावोगाव महाविद्यालये, मराठी माध्यमाची मुभा, नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तके, मराठी अर्थशास्त्र परिषद आणि तिचे ‘अर्थसंवाद’. अभ्यासक्रम मात्र पंचवार्षिक योजनांच्या तारखा आणि व्याख्यांची जंत्री यांच्या पलीकडे फारसा गेला नाही. त्यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही. एवढेच नोंदवतो, की त्याच काळात मराठीतले सर्वांत जिवंत अर्थशास्त्र वर्गाबाहेर शिकवले जात होते. दांडेकर आणि रथ यांचा १९७१चा दारिद्र्याचा अभ्यास, रोजगार हमीचा कायदा, चाकणच्या कांद्यावरून उठलेले शेतकरी आंदोलन या सगळ्यांनी मागणी, पुरवठा आणि सरकारी हस्तक्षेप हे शब्द चावडीवर आणून ठेवले. महाविद्यालयाने ते उचलून वर्गात न्यायचे होते. काही शिक्षकांनी नेले. त्या धाग्याचा मी जुना पक्षपाती आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

तो धागा म्हणजे काय, ते कांद्यावरूनच सांगतो. पाठ्यपुस्तकात कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत असतो: यंदाच्या भावावर पुढची लागवड ठरते, पुढच्या वर्षी माल उदंड येतो, भाव कोसळतो, मग लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. आकृती काढली, तीन प्रकार लिहिले, पाच गुण मिळाले. नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण महाविद्यालयात मात्र या आकृतीतला कोळी मुलांच्या घरातच राहतो. तिथे शिक्षकाला विचारता येते, की सिद्धांताची गृहीतके कुठे टिकतात आणि कुठे मोडतात. माल साठवता येत नाही हे गृहीतक खरीप कांद्याला बरेचसे लागू, रांगड्यालाही लागू, पण चाळीत महिनोन्‌महिने राहणाऱ्या उन्हाळी कांद्याला नाही. भाव फक्त आवकेवर ठरतो, हेही खरे नाही: ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, डिसेंबरात निर्यातबंदी, ती उठली मे २०२४मध्ये. मग शेतकऱ्याने लागवड ठरवताना कालचा भाव पाहायचा की उद्याची अधिसूचना? अपेक्षा हा अर्थशास्त्रातला सर्वांत निसरडा शब्द त्या वर्गात अर्ध्या तासात समजतो. पण त्या अर्ध्या तासासाठी लासलगावच्या बाजार समितीचे काही वर्षांचे भाव जमवावे लागतात, हंगामवार मांडावे लागतात, आकृती पुन्हा काढावी लागते. त्या श्रमाला तासिकेच्या देयकात रकाना नाही.

कोयत्याचेही तसेच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर, मुकादमाकडून हंगामाआधी उचल, खाडा झाला तर कपात. इथे श्रम आणि कर्ज हे दोन बाजार एकमेकांत गुंतलेले. अशा गुंत्यातून काय होते, याची मांडणी अमित भादुरी यांनी १९७३ साली जमीनदार-सावकाराच्या संदर्भात केली. बीडच्या मुलाला ती मांडणी परकी वाटण्याचे कारणच नाही. श्रमाचे एकक माणूस की जोडपे, बाईची मजुरी कुणाच्या हाती पडते, उचलीचे व्याज नेमके कुठे दडले आहे, असे प्रश्न एकदा फळ्यावर आले की वेतन सिद्धांत पाठ करावा लागत नाही. (जाता जाता: टनावर राबणाऱ्याला निदान उचल मिळते. तासावर शिकवणाऱ्याला तीही नाही.)

मराठीतून शिकवल्याने मुले मागे पडतात, असे म्हणणारा एक पंथ आहे. विषय आता गणिताचा आहे, भाषा गौण आहे, असे म्हणणारा दुसरा. गणित हवेच, पण गृहीतक कुठे मोडते हे समीकरण आपण होऊन सांगत नाही, ते ओळखायला जग माहीत असावे लागते. पहिल्या पंथाला मी थोडे अधिक देणे लागतो, कारण मराठीची अडचण खरी आहे. एका पुस्तकात समवृत्ती वक्र, दुसऱ्यात तटस्थता वक्र. कुठे पर्यायी खर्च, कुठे संधी खर्च. त्याहून अवघड अडचण ओळखीच्या शब्दांची. ‘खंड’ म्हटले की मुलाला वडिलांनी खंडाने घेतलेली जमीन आठवते, आणि रिकार्डोचा १८१७चा खंड सिद्धांत तो त्या कराराच्या रकमेशी जोडून मोकळा होतो. सुपीक आणि नापीक जमिनीच्या उत्पन्नातला फरक ही गोष्ट वेगळी आणि मालकाशी ठरलेला आकडा वेगळा, हे सोडवून दाखवायला त्याच्याच वावराचे उदाहरण घ्यावे लागते. म्हणजे मराठीतून नीट शिकवणे हे इंग्रजीतून शिकवण्यापेक्षा जास्त तयारीचे काम आहे, आणि ते वर्षानुवर्षे एकाच हाताने केले तरच साचत जाते. दर जूनला हात बदलला की उरते ते गाईड. गाईडला मी नावे ठेवत नाही; ज्या व्यवस्थेत तयारीला मोल नाही तिथे तयार माल खपणारच.

हे माझे हळवेपण नव्हे, आमच्याच शास्त्राने सांगितलेले आहे. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रोम यांनी १९९१ साली दाखवले, की एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतल्या मोजता येणाऱ्या कामालाच मोबदला जोडला, तर न मोजलेली कामे हळूहळू सुकतात. तास मोजता येतो. तयारी, तपासणी, तासानंतर दारात थांबलेल्या मुलाची शंका मोजता येत नाही. आणि ही कामे आहेत, हे सरकारदरबारी मान्यही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांचा आणि त्यात प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे. उरलेले २४ तास कशाचे? म्हणजे आयोगाच्याच हिशेबाने शिकवण्याच्या एका तासामागे दीड तासाचे दुसरे काम असते. पूर्णवेळ माणसाला त्या दीड तासाचा पगार मिळतो, तासिकेवाल्याला तो दान करावा लागतो. अतिथी अध्यापकांसाठी आयोगाने २०१९ साली तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० ठरवले. भागाकार करून पाहावा: चौतिसाव्या तासाचे पाचशे रुपये पदरात पडतात आणि पस्तिसाव्यापासून सीमांत वेतन शून्य. सीमांत विश्लेषण शिकवणाऱ्याला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. कला-वाणिज्य-विज्ञान शाखांसाठीचे राज्याचे तासिकेचे दर तर याहून खालीच राहिले.

बाजाराचे भक्त म्हणतील, नेट-सेट झालेले उमेदवार उदंड आहेत, पुरवठा वाढला की भाव पडणारच. हा युक्तिवाद पहिल्या वर्षाच्या परीक्षेत चालेल, दुसऱ्या वर्षाच्या नाही. इथे दर बाजारात ठरत नाही, शासन निर्णयाने ठरतो, आणि अनुदानित महाविद्यालयांपुरते मोठे गिऱ्हाईक एकच आहे. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली एकाच गिऱ्हाइकाच्या बाजाराचे जे वर्णन केले तेच हे: दरही कमी आणि नेमणुकाही कमी. दुसरे म्हणतील, तिजोरीत पैसा नाही. पैशाची टंचाई खरी मानली तरी टंचाईत कशाला कात्री लावायची ही निवडच असते, आणि निवडीची किंमत सांगणे हेच आमचे काम. २०१८च्या त्याच नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत असे लिहिले आहे. ग्रामीण महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरचे वेळापत्रक वाचावे आणि मनाशी टक्केवारी काढावी.

नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून सुरू झाली. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे तीस तास. अर्थशास्त्राचे असे तुकडे पडले की तुकड्यातुकड्याला वेगळा माणूस बसवणे आणखी सोपे होते. याच सुमारास, २०२२मध्ये, आयोगाने उद्योग-व्यवसायांतल्या अनुभवी माणसांना प्राध्यापक म्हणून बोलावण्याची वाट खुली केली. कल्पना चांगली आहे. रानडे-काळे यांच्या परंपरेला ती धरूनच आहे. पण बाहेरचा जाणता माणूस सन्मानाने यावा आणि वर्षानुवर्षे तो विषय पेलणारा माणूस मात्र तासाच्या देयकावर सही करून जावा, ही जोडी विचित्र आहे. पहिल्याच्या अनुभवाला किंमत आहे, दुसऱ्याच्या अनुभवाला दर सत्राअखेर पुसून टाकले जाते.

सगळी रिक्त पदे उद्या भरा, अशी मागणी मी करत नाही. ती करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे चुकत नाही. माझी मागणी लहान आहे. मानधनाचा पुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा दराचा आकडा नंतर भरावा. आधी ‘तासिका’ या रकान्याशेजारी तयारीच्या दीड तासाचा रकाना आखावा.