समोरचा दात गेल्यावर हिरडीही सावरावी लागते

अपघात, कीड किंवा पायोरियामुळे समोरचा दात गमवावा लागला, तर कृत्रिम दात बसवला की प्रश्न मिटला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दात निघताच त्याला आधार देणारे हाड झिजू लागते आणि त्यावरील हिरडी आत बसते. मग नवा दात रंगाने कितीही बेमालूम असला, तरी तो शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसतो. त्याच्या मुळाशी खळगा आणि सावली दिसते. दोष दाताचा नसतो, हिरडीचा असतो.

ही झीज वेगाने होते. दाढा व उपदाढा काढलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. त्यापैकी दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. समोरच्या दातांच्या ओठाकडील हाडाची भिंत तर बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. त्यामुळे तेथील खळगा चटकन नजरेत भरतो.

सायबर्ट यांनी १९८३ मध्ये या दोषाचे तीन प्रकार सांगितले: केवळ रुंदी घटलेली, केवळ उंची घटलेली आणि दोन्ही घटलेल्या. उपचाराची निवड आजही बरीचशी यावरून ठरते. रुंदीचा दोष भरून काढणे तुलनेने सोपे, तर उंची परत मिळवणे अवघड असते.

सर्वाधिक रूढ शस्त्रक्रियेत जागेवर भूल देऊन टाळूच्या वरच्या थराखालून संयोजी ऊतीचा पातळ तुकडा काढतात. खळग्याजवळच्या हिरडीत पिशवीसारखी जागा करून तो आत सरकवतात आणि बारीक टाके घालतात. त्याला दोन्ही बाजूंनी रक्तपुरवठा मिळतो, आणि वरची त्वचा मूळचीच राहत असल्याने रंगही जुळतो. उंची वाढवण्यासाठी टाळूचा जाड तुकडा पृष्ठभागासह वर बसवतात. मात्र तो पुढे फिकट, ठिगळासारखा दिसू शकतो. दोष मोठा असल्यास हाडाचेही रोपण करावे लागते.

जखम भरत असताना बसवलेला तात्पुरता दातही महत्त्वाचे काम करतो. त्याचा तळ अंडाकृती ठेवल्यास त्याच्या हलक्या दाबाने हिरडीला आकार येतो आणि दात हिरडीतूनच उगवल्यासारखा भासतो. रोपण केलेली ऊती सुरुवातीला काहीशी आक्रसते. म्हणून कायमचा दात काही महिने थांबून बसवणे इष्ट ठरते.

या उपचारांना मर्यादाही आहेत. दोन दातांमधील हिरडीचे त्रिकोणी टोक एकदा नाहीसे झाले, की ते परत आणणे फार कठीण असते. टार्नो व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैसर्गिक दातांविषयी मोजमापे दिली. दातांच्या स्पर्शबिंदूपासून हाडापर्यंतचे अंतर पाच मिलिमीटर असेपर्यंत हे टोक जवळजवळ नेहमी टिकते. सहा मिलिमीटरला ते निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, तर सात मिलिमीटरला जेमतेम चौथाई ठिकाणी आढळते. अंतर वाढले की तेथे काळा त्रिकोण दिसतो. तंबाखू, धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे जखम भरण्यात अडथळा येतो. टाळूची जखमही काही दिवस दुखते.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असे नाही. हसताना ज्यांचा ओठ हिरडीपर्यंत उचलला जात नाही, त्यांचा दोष कोणाला दिसतच नाही. शस्त्रक्रिया नको असल्यास हिरडीच्या रंगाचे पोर्सेलीन किंवा अॅक्रिलिक जोडलेला कृत्रिम दात हा प्रतिष्ठित पर्याय आहे.

दात वाचण्याजोगा नाही असे ठरले, तर तो काढण्यापूर्वीच पुढील दाताचा आणि हिरडीचा विचार दंतवैद्याबरोबर व्हायला हवा. दात काढताना हाडाची भिंत जपणे, रिकाम्या खाचेत हाडाची भुकटी भरणे किंवा तात्पुरता दात लगेच बसवणे, यांमुळे झीज पूर्ण थांबत नाही, पण कमी होते. गमावलेली हिरडी परत मिळवण्यापेक्षा असलेली राखणे केव्हाही सोपे असते.