सात घरांतलं एक घर तुमचं

मांजर व्यायली की पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. हल्ली हे काम व्हॉट्सअॅप करतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात चार पिल्लं, खाली ‘अर्जंट अडॉप्शन’, आणि तो फोटो कॉलेजच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून कुणाच्या तरी मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर फिरत राहतो. दिवस मोठा व्हायला लागला की मांजरी माजावर येतात आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात. म्हणजे नेमके तुमच्या परीक्षा तोंडावर आल्या की हे फोटो वाढतात. तुम्ही ‘सो क्यूट’ टाइप करता आणि मनात येतंच, एक आणूया का रूमवर?

हो म्हणण्याआधी एक साधा हिशेब करा. घरात नीट सांभाळलेलं मांजर १२ ते १५ वर्षं सहज जगतं. तुमची डिग्री तीन किंवा चार वर्षांची. पुढे मास्टर्स, नोकरी, दुसरं शहर, नवा घरमालक. कँटीनच्या मागे किंवा हॉस्टेलच्या जिन्यात बसणारी बरीच मांजरं अशीच कुणीतरी हौसेने आणलेली आणि शेवटचा पेपर झाल्यावर तिथेच राहिलेली असतात. १५ वर्षांचा शब्द आज देता येत नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण सहा-आठ आठवड्यांचा शब्द तुम्ही नक्की देऊ शकता. त्यालाच फोस्टरिंग म्हणतात.

आधी उचलू नका

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती अनाथ असतातच असं नाही. आई खाणं शोधायला गेलेली असते, किंवा एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलत असते. तुम्ही अगदी जवळ उभे राहिलात तर ती येणारच नाही. लांब जा, आडोशाला थांबा, काही तास लक्ष ठेवा. पिल्लं स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर आई बहुतेक आसपासच आहे. अंगाला गार लागणारी, मळलेली, सतत ओरडणारी, जखमी किंवा रहदारीच्या मधोमध असलेली पिल्लं मात्र लगेच उचलायला हवीत.

वय ओळखणं अवघड नाही. डोळे मिटलेले असतील तर पिल्लू एक-दीड आठवड्याच्या आतलं. धडपडत चालत असेल तर तीन आठवड्यांच्या आसपासचं. पळापळ करत असेल आणि ओलं खाणं चाटत असेल तर चार-पाच आठवड्यांचं. पहिल्यांदाच फोस्टर करणार असाल तर या शेवटच्या गटातलं पिल्लू घ्या. त्याहून लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावं लागतं आणि ओल्या कापसाने पुसून शी-शू करवावी लागते. सकाळच्या लेक्चरला बसणाऱ्या माणसाचं हे काम नाही. आणि आई सापडली, तर सगळ्यात चांगली फोस्टर तीच. तिला पिल्लांसकट जागा द्या.

फोस्टर म्हणजे नेमकं काय करायचं?

एक वेगळा कोपरा हवा, जमलं तर बाथरूम किंवा छोटी खोली. घरात आधीच मांजर असेल तर पहिले दोन आठवडे दोघांची भेट नको, भांडीही वेगळी. मांजरांमधला पॅनल्युकोपेनिया हा आजार फार वेगाने पसरतो आणि पिल्लं त्यात दोन-तीन दिवसांतही दगावतात. वाळूचा ट्रे, पाण्याचं पसरट भांडं, जुना टॉवेल आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एवढ्यावर सुरुवात होते.

वजनकाटा सगळ्यात महत्त्वाचा. जन्मताना साधारण १०० ग्रॅमचं असलेलं पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅमने वाढतं. रोज एकाच वेळी वजन करा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. वजन एक दिवस थांबलं तर सावध व्हा, घसरलं तर डॉक्टर गाठा. पिल्लू खेळत नाही, एका कोपऱ्यात बसून आहे, हे आपल्या लक्षात येण्याआधी काटा सांगतो.

मांजर डोळे मिटून दूध पिते हे खरं, पण ते दूध तिला पचत नाही. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात आणि इतक्या लहान जिवाला एका दिवसाचे जुलाबही जड जातात. खाता न येणाऱ्या पिल्लासाठी मांजरांच्या दुधाची वेगळी पावडर मिळते. पाजताना त्याला बाळासारखं उताणं धरू नका, पोटावर ठेवा, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. आणि अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवली तरी चालते.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या पिसवांवरची काही औषधंही मांजरांसाठी विषारी असतात. जंताचं औषध वजन बघून डॉक्टरच देतील. पहिली लस साधारण आठव्या आठवड्यात, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. रस्त्यावरचं पिल्लू चावलं किंवा त्याने ओरबाडलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

या सगळ्यात तुम्ही पिल्लाला आणखी एक मोठी गोष्ट देता, ती म्हणजे माणसांची सवय. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे पिल्लू माणसांच्या हातात खेळतं, मिक्सरचा आणि टीव्हीचा आवाज ऐकतं, ते पुढे माणसांना घाबरत नाही. हे दिवस सोफ्याखाली लपण्यात गेले तर त्याला घर मिळणं कठीण होतं. तुम्ही नोट्स वाचताना ते मांडीवर झोपलं, एवढ्यानेही खूप काम होतं.

‘कुणीही न्या’ असं म्हणू नका

पिल्लू मोठं झालं, आता घर शोधायचंय. पहिला फोन आला की आपण खूश होतो. पण ‘कुठे राहता?’ हा प्रश्न पुरेसा नाही. घरातल्या सगळ्यांना मांजर हवंय का? भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का? खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आहे का? मांजर उंचावरून पडून वाचतं ही समजूत पाचव्या मजल्यावर फार महागात पडते. गावी जाताना त्याला कोण बघणार? नसबंदी करणार ना? हे प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालंय.

जमलं तर दोन पिल्लं एकत्र द्या. एकमेकांशी खेळून ती दमतात आणि नव्या माणसाचे हातपाय कमी चावतात. काळं पिल्लू शेवटपर्यंत राहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. मांजर आडवं जाण्याची भीती अजूनही अनेक घरांत आहे, त्याला थोडे जास्त दिवस द्या. आणि देताना डोळ्यांत पाणी येईल, ते येऊ द्या. तुमची जागा मोकळी झाली म्हणजे पुढच्या पिल्लाला जागा मिळाली.

दिवाळीआधीचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे त्या फॉरवर्डमध्ये कधीच लिहिलेलं नसतं. मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातच गाभण राहू शकते. गाभणकाळ ६३ ते ६५ दिवसांचा. म्हणजे एप्रिलमध्ये जन्मलेलं पिल्लू दिवाळीच्या आसपास स्वतः आई होऊ शकतं. एका वेळी तीन ते पाच पिल्लं, वर्षात दोन-तीनदा. पिल्लांना दूध पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरं नातं बघत नाहीत, त्यामुळे भाऊ-बहीण एकत्र दिलेत तर हिशेब घरातच सुरू होतो. तुम्ही रात्री जागून वाचवलेलं एक पिल्लू ऑपरेशनशिवाय दिलंत, तर पुढच्या वर्षी तसेच दोन-तीन खोके ग्रुपवर फिरणार.

‘एकदा तरी आई होऊ द्या’ हे ऐकायला छान वाटतं. पण त्याने मांजरीच्या तब्येतीला काहीही फायदा नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनांच्या कॅन्सरचा धोका खूपच कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो. ‘बोक्याला काय गरज?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. न केलेला बोका घरभर वासाच्या पिचकाऱ्या मारतो, माजावरच्या मांजरीच्या मागे रस्ता ओलांडतो आणि मारामाऱ्यांतून जखमा आणि आजार घेऊन येतो. एकच बोका कितीतरी मांजरींना गाभण ठेवतो, हे वेगळंच.

सराव असलेले डॉक्टर सुमारे दोन महिन्यांच्या, एक किलोच्या आसपासच्या पिल्लाचंही ऑपरेशन करतात. बरेच डॉक्टर थोडं थांबतात. वेळ त्यांना ठरवू द्या, पण पाचवा महिना उलटू देऊ नका. भूल पूर्ण दिली जाते. ऑपरेशनआधी उपाशी किती वेळ ठेवायचं ते नीट विचारून घ्या, कारण लहान पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवता येत नाही. बोका साधारण त्याच दिवशी उड्या मारायला लागतो. मांजरीच्या पोटावर टाके असतात, तिला दहा दिवस कॉलर आणि आराम हवा. संस्थांच्या दवाखान्यांत खर्च खासगी क्लिनिकपेक्षा सहसा कमी येतो. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागातही चौकशी करा. मुंबईत उपचारांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, म्हणजेच जुन्या मुंबईकरांचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’, कित्येक पिढ्यांपासून आहे.

कॅम्पसमधल्या मोठ्या मांजरांसाठी उपाय वेगळा आहे. त्यांना पिंजऱ्यात पकडायचं, ऑपरेशन करायचं आणि पुन्हा त्याच जागी सोडायचं. भूल असतानाच एका कानाचं टोक जरासं कापतात, म्हणजे तीच मांजर पुन्हा पकडली जात नाही. कान कापलेलं मांजर दिसलं तर कळवळू नका, कुणीतरी तिची काळजी घेतलीये. तिला लांब नेऊन सोडणं मात्र क्रूरपणाच आहे. अनोळखी जागी तिला अन्नही सापडत नाही आणि तिथली मांजरं टिकू देत नाहीत. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? १० ते ५० रुपये. म्हणजे कायद्याच्या धाकावर विसंबून चालणार नाही.

मग या आठवड्यात काय करता येईल? घरी किंवा रूममेट्सशी बोला, सहा आठवडे एक कोपरा मिळेल का ते विचारा. तेही शक्य नसेल तर तुमच्या कॅम्पसमधल्या मांजरांची मोजदाद करा. किती आहेत, किती जणींचा कान कापलेला आहे, कुणाचं पोट मोठं दिसतंय? चार मित्रांनी एकेका पार्टीचे पैसे बाजूला काढले तर एका मांजरीचं ऑपरेशन होऊ शकतं. एनएसएस युनिट असेल तर त्यांना सोबत घ्या. आणि पुढच्या वेळी तो खोक्याचा फोटो आला की फॉरवर्ड करण्याआधी खाली एक प्रश्न टाका: ‘यांच्या आईचं ऑपरेशन झालंय का?’