घोणस चावली, गडी वाचला; पुढं काय?



घोणस आपल्याला नवी नाही. पाचटात वेटोळं घालून बसणारी, अंगावर साखळीसारखे ठिपके, डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारणारी. उसात उंदीर, उंदरामागं घोणस, आणि वीज रात्रीची मिळते म्हणून अंधारात दारं धरणारा शेतकरी! चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. पाय हलू न देता थेट दवाखाना गाठून सर्पदंशाची लस घ्यायची, हे बहुतेकांना ठाऊक झालं आहे. आज लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

आपल्या एका सभासदाला घोणस चावली. रक्त गोठेना, लघवी बंद झाली, डायलिसिस करावं लागलं. पण गडी वाचला. सहा-सात महिन्यांनी तो माझ्याकडं येऊ लागला. "डॉक्टर, अंगात दमच राहिला नाही. बांधापर्यंत गेलो तरी बसावंसं वाटतंय." भूक नाही, उन्हाळ्यातही घोंगडी लागे, उठलं की चक्कर. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चाले. घरचे म्हणत धास्ती बसलीय, शेजारी म्हणत आळशी झालाय. मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. थायरॉईडसाठी टीएसएच तपासलं, ते बरोबर आलं, आणि मी निर्धास्त झालो. ही चूक माझी. पुढं साध्या तापात तो बेशुद्ध पडला. रक्तदाब लागेना, रक्तातली साखर उतरलेली. तेव्हा शहरातल्या तज्ज्ञांनी ओळखलं, की याची पिट्युटरी ग्रंथी निकामी झाली आहे.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या बुडाशी हाडाच्या खोबणीत ती बसलेली असते. मराठी पुस्तकांत तिला पीयूषिका म्हणतात. तिचं काम कालव्यावरच्या पाटकऱ्याचं. थायरॉईड, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, पुरुषाचे वृषण, स्त्रीचं बीजकोश, या सर्वांना किती सोडायचं याचा हुकूम ती रक्तातून पाठवते. हा हुकूम म्हणजेच हार्मोन. पाटकरीच आडवा झाला तर कालवा भरलेला असूनही शेत कोरडं! घोणसीच्या विषानं रक्त आधी जागोजागी गोठतं, मग गोठण्याची ताकदच संपते; त्यात रक्तदाब कोसळला, की या नाजूक ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिच्यातच रक्तस्राव होतो. ब्रह्मदेशातल्या भातशेतीत घोणस चावलेल्यांमध्ये हे दिसल्याचं 1987 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. भारतातही असे रुग्ण सापडले आहेत. घोणस चावलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. पण ज्याला होतं त्याचं कुणी चावण्याशी जोडत नाही, कारण मधे महिने, कधी वर्षं गेलेली असतात.

बाळंतपणात फार रक्त गेलं तरी हेच घडतं. ग्लासगोच्या डॉ. शीहान यांनी 1937 मध्ये ते नीट मांडलं. अंगावर दूध आलं नाही, पाळी परतली नाही, काखेतले केस गळाले, बाई कायम गारठलेली आणि थकलेली, असं असेल तर "बाळंतपणापासून ती तशीच" म्हणून सोडू नका. तोडणीच्या टोळीतल्या बायांनाही हे सांगा.

टीएसएच बरोबर कसं आलं, असं कुणी विचारील. टीएसएच म्हणजे थायरॉईडला गेलेला पिट्युटरीचाच हुकूम. पिट्युटरी बिघडली तर हा आकडा कागदावर सरळ दिसू शकतो आणि थायरॉईडचा रस मात्र कमी असतो. म्हणून सोबत टी-फोर, सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, आणि सोडियम बघावं लागतं. जरूर पडल्यास डोक्याचा एमआरआय.

उपचार गोळ्यांचा. अंगाला कमी पडणारं हार्मोन बाहेरून द्यायचं. पण क्रम महत्त्वाचा: आधी स्टिरॉईड, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन, थायरॉईडची गोळी मागून. उलट झालं तर जिवावर बेतू शकतं. स्टिरॉईड म्हटलं की आपली माणसं दचकतात. इथं ते जास्तीचं औषध नाही, शरीरानं स्वतः करायचं तेवढंच भरून देणं आहे. बरं वाटलं म्हणून ही गोळी एक दिवसही बंद करायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणं वाढवायची, साधारण दुप्पट. उलट्यांनी गोळी टिकत नसेल तर तात्काळ दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं.

आपला सभासद पंधरवड्यात उठून बसला. आता गमबूट घालून, बॅटरी घेऊन पाण्याला जातो. खिशात चिठ्ठी असते: 'पिट्युटरीचा रुग्ण, स्टिरॉईड चालू.' ज्यांना घोणस चावून गेली आहे आणि वरच्यासारखी तक्रार आहे, त्यांनी दंशाच्या वेळचे दवाखान्याचे कागद घेऊन यावं.