नऊ शास्त्रपाठ आणि एक कोवळा आवाज

२४ डिसेंबरला आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये दुपारचे तीन झालेले असतात. किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये गायकवृंद नाताळच्या उपासनेसाठी तयार उभा असतो. सुरुवातीच्या गीताचं पहिलं कडवं एका मुलाने एकट्याने, वाद्यांच्या साथीशिवाय म्हणायचं असतं. तयारी काही जणांची झालेली असते. नेमकं कोणी गायचं, हे संगीत दिग्दर्शक ऐनवेळी खुणेनेच सांगतो. आधीपासून कोणाच्या पोटात गोळा यायला नको, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या कडव्याला वृंद येतो, तिसऱ्याला ऑर्गन आणि सगळी मंडळी. त्या मुलाचा, वयात आल्यावर फुटणारा आवाज बीबीसीवरून जगभर पोहोचतो.

‘नऊ शास्त्रपाठ आणि कॅरल’ (म्हणजे नाताळची गीतं) या उपासनेचा जन्म मात्र केंब्रिजचा नाही. १८८०च्या नाताळच्या पूर्वसंध्येला कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावी बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी ती पहिल्यांदा घेतली. कॅथीड्रलचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे जागा होती लाकडी फळ्यांची तात्पुरती शेड. किंग्जमध्ये ती आणली एरिक मिल्नर-व्हाइट यांनी, १९१८ साली. पहिलं महायुद्ध महिन्याभरापूर्वीच थांबलं होतं. स्वतः सैन्यात धर्मोपदेशक राहिलेले हे तरुण डीन मरण जवळून पाहून परतले होते. ठरावीक साच्याच्या प्रार्थना आता पुरणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी लिहिलेल्या आरंभीच्या प्रार्थनेत गरीब, आजारी, एकाकी माणसांची आठवण आहे आणि पैलतीरी गेलेल्यांचीही. त्या वर्षी ऐकणाऱ्यांना पैलतीरावरचे चेहरे आठवावे लागले नसतील; ते डोळ्यांसमोरच असतील.

उपासनेची बांधणी साधी आहे. बायबलमधला एक पाठ, मग गाणं, पुन्हा पाठ. सुरुवात उत्पत्तीच्या पुस्तकातल्या आदामाच्या पतनापासून, शेवट योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभाशी. पहिला पाठ गायकवृंदातला मुलगा वाचतो, शेवटचा कॉलेजचे प्रमुख. या उपासनेचं बळ संगीतात नसून पाठांत आहे, असं मिल्नर-व्हाइट सांगत. कीर्तनात निरूपणाने मन तयार झालं की अभंग भिडतो, तसंच हे. अहमदनगर परिसरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग आणि भजनाचा साज चढवला, तो कथा आणि गाणं यांचं हे नातं ओळखूनच. मराठी चर्चमध्ये त्यांची गीतं आजही गायली जातात.

१९२८ साली बीबीसीने ही उपासना पहिल्यांदा प्रक्षेपित केली. १९३०चा अपवाद सोडला, तर ती दर नाताळला ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या रंगीत काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या, आत कडाक्याची थंडी होती, आणि सुरक्षेसाठी प्रक्षेपणात कॉलेजचं नावही घेत नसत. गाणं मात्र थांबलं नाही. परंपरेला बुरशी लागू नये म्हणून तेव्हाचे संगीत दिग्दर्शक स्टीफन क्लिओबरी यांनी १९८३पासून दरवर्षी एक नवी कॅरल लिहवून घेण्याची पद्धत सुरू केली. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांनीही अशी एक रचना दिली. काही नव्या चाली कानाला खटकतात; पण ओळखीच्या गीतांना कान सरावलेले असताना असा धक्काही उपयोगी पडतो.

डिसेंबरात मॉलपासून रिक्षापर्यंत नाताळची गाणी वाजत असतात आणि त्यांतलं जवळपास काहीच मनात उरत नाही. याचा दोष गाण्यांना देता येत नाही; त्यांच्या आधीची गोष्ट आणि मधली शांतता आपण कापून टाकलेली असते. म्हणून ही उपासना ऐकायचीच, तर आवडत्या कॅरलचा तुकडा शोधू नये. फोन बाजूला ठेवून दीड तास सलग बसावं, कळोत न कळोत, पाठही ऐकावेत. श्रद्धा असो वा नसो, वाट पाहिलेलं गाणं वेगळं लागतं.